वीटभट्टीवर परराज्यातला मजूर मरण पावला. बायकोला मोफत वकील मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा. वणी तालुक्यातल्या एका गावाशेजारी वीटभट्टी आहे. छत्तीसगडहून आलेलं जोडपं तिथं हजारी भावानं विटा पाडायचं. रचलेला थर कोसळून नवरा गेला, वय पस्तीस. मागे बायको आणि दोन लहान मुलं. मालक म्हणतो, पन्नास हजार देतो, त्यातून तीस हजारांची उचल कापतो, कागदावर अंगठा दे आणि गावाला जा. विचारणाऱ्या भाऊंचं त्या गावात किराणा दुकान आहे. तालुक्याला एका वकिलानं पंचवीस हजार फी सांगितली, दुसऱ्यानं मिळेल त्यातले चाळीस टक्के मागितले. बाईकडे महाराष्ट्राचा एकही दाखला नाही. तर सरकारी वकील मिळेल का, आणि मालक गावात वजनदार असल्यानं आपलं नाव यात आलं तर काय, असे भाऊंचे दोन प्रश्न आहेत.

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. वकील मिळेल आणि त्याला एक रुपयाही द्यावा लागणार नाही. पण मला खरी काळजी वेगळीच आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयांत बरीच वर्षं वकिली करतो, विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत वकिलांच्या यादीतही आहे. वकील मिळाला नाही म्हणून बुडालेली अशी प्रकरणं मी कमी पाहिली. वकिलापर्यंत पोचण्याआधीच अंगठा देऊन, मृत्यूची नोंद न करता, रातोरात गाडीत बसवून दिलेली कुटुंबं फार पाहिली. म्हणून पुढचे आठ-दहा दिवस सगळ्यांत महत्त्वाचे आहेत, आणि त्या दिवसांत तुमच्यासारखा जवळचा माणूस वकिलापेक्षा जास्त कामाचा आहे.

आधी हक्काचं सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो लागू आहे. मोफत वकील कुणाला द्यायचा हे त्याच्या कलम १२ मध्ये सांगितलंय: अनुसूचित जाती-जमातीची माणसं, स्त्रिया, मुलं, दिव्यांग, कोठडीतले लोक, वेठबिगारी आणि मानवी तस्करीचे बळी, पूर-दुष्काळासारख्या संकटात सापडलेले, औद्योगिक कामगार, आणि ज्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे असा कुणीही. ही मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपये आहे. लोकांचा गोंधळ होतो तो इथंच. त्यांना वाटतं जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला सगळं जोडावं लागेल. तसं नाही, यातलं एक कारण लागू झालं की पुरे. ती बाई आहे, विषय संपला. तिचं उत्पन्न कुणी विचारायचं कारण नाही. ती छत्तीसगडची आहे, इथल्या मतदार यादीत नाही, रेशनकार्ड तिकडचं आहे, यातली एकही गोष्ट आड येत नाही. भारताचं नागरिक असण्याचीसुद्धा अट या कलमात घातलेली नाही. म्हणून अर्ज तिच्याच नावानं करा. सासरा किंवा दीर येऊन 'मी करतो अर्ज' म्हणाला, तर त्याच्यासाठी उत्पन्नाचा मुद्दा उभा राहील आणि उगाच वेळ जाईल.

एखाद्या पुरुषाला उत्पन्नाच्या आधारे अर्ज करायचा असेल, तरी तहसीलला खेटे घालायची गरज नसते. उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, तशी तरतूद त्याच कायद्यात कलम १३ मध्ये आहे. सेतू केंद्राबाहेर बसलेले लोक हे सांगत नाहीत. दाखला काढून देण्याच्या नावाखाली दोन-तीन मजुऱ्या तिथंच खर्च होतात.

एक लक्षात ठेवा, कोर्टात जाऊन 'सरकारी वकील कुठं बसतात' असं विचारू नका. ते पोलिसांच्या केसेस चालवतात, तुम्हाला चुकीच्या खोलीत पाठवतील. तालुका विधी सेवा समिती विचारा. ती न्यायालयाच्या इमारतीतच असते आणि तिथले वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याला यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचे सचिव स्वतः न्यायिक अधिकारी असतात. जाणं जमत नसेल तर १५१०० हा विनाशुल्क क्रमांक देशभर चालतो. साध्या कागदावर मराठीत किंवा हिंदीत अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथले विधी स्वयंसेवक लिहून घेतात. नियमानं सात दिवसांच्या आत अर्जावर निर्णय द्यावा लागतो, आणि नाकारला तर अध्यक्षांकडे अपील करता येतं. वकिलाच्या फीबरोबरच कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, नकला आणि कागदांचं भाषांतर हेही प्राधिकरणाकडे जातं. ती ताई छत्तीसगडी बोलते, आपले पंचनामे मराठीत असतात, त्यामुळे भाषांतराचा मुद्दा तिच्यासाठी लहान नाही. अर्जातच तसं लिहा.

आता त्या पन्नास हजारांकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की गावातली जाणती माणसंही 'घेऊन टाक बाई' म्हणताहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर आकडा नाही म्हणून ते तसं म्हणतात. कामावर असताना मजूर मेला तर भरपाईचा हिशेब कायद्यानं ठरलेला आहे. महिन्याच्या मजुरीचे निम्मे पैसे घ्यायचे आणि वयाप्रमाणे दिलेल्या गुणकानं गुणायचे. पस्तीस वर्षांसाठी तो गुणक १९७.०६ आहे. त्याची मजुरी महिन्याला १२,००० पडत होती असं धरलं तर निम्मे ६,०००, आणि गुणाकार होतो ११,८२,३६० रुपये. मजुरी कमी सिद्ध झाली तर आकडा खाली येईल, पण सरकारनं ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली तो जात नाही; जुन्या कायद्यात ती रक्कम १,२०,००० होती. म्हणजे मालक जे देतोय ते त्या जुन्या किमान रकमेच्या निम्मंही नाही. यात चूक कोणाची होती हे बाईला सिद्ध करावं लागत नाही. तो तिथं कामाला होता आणि काम करताना गेला, एवढं दाखवायचं असतं.

पूर्वी हे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि त्या तरतुदी तिच्यात आल्या. कलमांचे आकडे बदलले, हिशेबाची पद्धत तीच राहिली. जुन्या कायद्याचं नाव घेऊन कुणी 'तो कायदाच रद्द झाला' असं सांगू लागला तर घाबरू नका.

मालकाच्या बाजूनं तीन गोष्टी हमखास येतात. पहिली उचलीची. भरपाईची रक्कम कुठल्याही देण्यापोटी कापता येत नाही, जप्त करता येत नाही, कुणाच्या नावे लिहून देता येत नाही. उचल तीस हजार असो की तीन लाख. उलट 'उचल फिटेपर्यंत बायकोनं काम करावं' असं कुणी म्हणालं असेल, तर ती १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याची बाब होते. मग अर्जात ते ठळक लिहा आणि उपविभागीय अधिकाऱ्यांकडे वेगळी तक्रार द्या. त्या कायद्याखाली असं कर्जच संपुष्टात येतं.

दुसरी गोष्ट दारूची. 'पिऊन होता, म्हणून पडला' हे मी इतक्या वेळा ऐकलंय की भट्टी कुठली हे विचारायची गरज पडत नाही. साध्या दुखापतीत हा बचाव मालकाला घेता येतो, पण मृत्यू झाला असेल तर घेता येत नाही. शवविच्छेदन अहवालात काहीही आलं तरी बाईचा हक्क त्यानं जात नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे 'तो माझा मजूरच नव्हता, ठेकेदाराचा होता'. मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत होत असेल तर भरपाई मूळ मालकाकडून घेता येते. नंतर त्यानं ठेकेदाराशी काय ते बघावं.

आणि तो कागद. असे कागद मी खूप वाचलेत, त्यातला मजकूर साधारण सारखाच असतो. पाचशेच्या मुद्रांकावर मराठीत टाईप केलेली दोन पानं, बाईला मराठी वाचता येत नाही, मधे एका ओळीत रकमेसाठी जागा कोरी, खाली साक्षीदार म्हणून भट्टीवरचाच मुकादम. 'माझी कोणतीही तक्रार नाही' हे वाक्य सगळ्यांना दिसतं आणि त्याचीच भीती वाटते. पण हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यानं शून्य असतो. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात मालकानं भरपाईची रक्कम असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात त्यांना आयुक्त म्हणत) जमा करायची असते, परस्पर वारसाच्या हातात दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत. तीन महिन्यांच्या मजुरीएवढा आगाऊ तेवढा चालतो, तो पुढे वजा होऊ शकतो. मग कागद घातक का? कारण पहिल्या पानावर कुठेतरी लिहिलेलं असतं की मयत हा 'पाहुणा म्हणून आला होता' किंवा 'घरी पाणी भरताना पडला'. हक्क सोडल्याचं वाक्य टिकत नाही, पण घटनेबद्दलची ही खोटी ओळ पुढे उलटतपासणीत तिच्या तोंडावर फेकली जाते. म्हणून अंगठा देऊ नये. दिलाच असेल तर मोबाईलवर त्या कागदाचा फोटो मिळवा आणि अर्जात सांगा की वाचून न दाखवता अंगठा घेतला. सगळं संपलं असं समजू नका.

आता कागदपत्रं, आणि यात मी जरा जास्त बोलणार आहे. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची, म्हणजे मर्गची नोंद झालीय का हे आज विचारा. मर्ग क्रमांक लिहून घ्या. घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन झालंय का हेही विचारा. प्रेत थेट गावाला नेलं असेल आणि शवविच्छेदन झालंच नसेल, तर प्रकरण अवघड होतं. पूर्ण बुडत नाही, पण मग सोबतच्या मजुरांच्या साक्षीवर सगळा भार येतो. पंचनाम्यात जागा भट्टीची लिहिलीय की रस्त्याची, हे डोळ्यांनी वाचा. चुकीची असेल तर ठाणेदारांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या.

मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथंच होते. भट्टीवर गेला असेल तर तुमच्या ग्रामपंचायतीत, दवाखान्यात गेला असेल तर त्या दवाखान्याच्या हद्दीत. एकवीस दिवसांत नोंद केली तर फी नाही. कुटुंब छत्तीसगडला निघून गेलं आणि तिकडच्या पंचायतीत दाखला मागू लागलं की ते हात वर करतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. मग वर्षभरानं दंडाधिकाऱ्याच्या आदेशासाठी तीच बाई पुन्हा वणीला येते. हे टाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे. नोंद करताना नाव आधारकार्डावर जसं आहे अगदी तसंच लिहून घ्या.

नावाचा घोळ भट्टीवर सुरू होतो. मुकादमाच्या वहीत बहुतेक वेळा खरं नाव नसतंच. 'छत्तीसगडवाला, जोडी १', पुढे आठवड्याची खर्ची पाचशे, सातशे, मग पाडलेल्या विटांचे हजार, आणि बाजूला अंगठा. ती वही म्हणजे मजुरीचा आणि नोकरीचा एकत्र पुरावा आहे. मालक ती देणार नाही, आणि तुम्ही ती उचलूनही आणायची नाही. पण ती ताई किंवा शेजारची जोडी त्यांच्या पानाचा फोटो काढू शकते. मजुरांकडेही अनेकदा त्यांची छोटी डायरी असते. मालकानं फोनवर पैसे पाठवले असतील तर ते व्यवहार जपून ठेवा. आणि सोबतच्या मजुरांचे गावचे पूर्ण पत्ते आणि दोन-दोन फोन नंबर आजच लिहून घ्या. पावसाळ्याआधी भट्टी बंद होते, जोड्या पांगतात, पुढच्या हंगामात कोण कुठल्या भट्टीवर जाईल हे त्यांनाही माहीत नसतं.

मयताचं बँक पासबुकही तपासा. मे महिन्याच्या शेवटी २० रुपये किंवा ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसली तर त्याचा सरकारी विमा चालू होता. २० रुपयांचा अपघाती, ४३६ चा जीवन विमा, दोन्हींत मृत्यूनंतर वारसाला २ लाख मिळतात. हा मालकाकडच्या भरपाईपेक्षा वेगळा पैसा आहे, बँकेत दावा लवकर द्या.

दावा कुठं लावायचा हे मात्र परिस्थितीवर आहे. दोन वर्षांची मुदत असते, आणि अपघात झाला तिथं किंवा वारस राहतात तिथं, दोन्हीकडे तो लावता येतो. तिच्या गावाकडे लावला तर तिला प्रवास नाही, पण मालक तिथं हजर होईपर्यंत महिनेच्या महिने जातात आणि साक्षीदार, पोलीस, पंच सगळे इकडे. इथं लावला तर मालकावर न्यायालयाचा धाक राहतो, आणि दर तारखेला बाईची गरज नसते; तिची साक्ष होईल तेव्हा यावं लागतं. माझा कल इथं लावण्याकडे आहे, पण एका अटीवर: तारीख कळवणारं, निरोप पोचवणारं कुणीतरी इथं असलं पाहिजे. तसं कुणी नसेल तर कागद सगळे इथून गोळा करून दावा तिकडे लावलेला बरा. तिच्या जिल्ह्यातही असंच विधी सेवा प्राधिकरण आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांच्या बाबतीतही हेच उलट्या दिशेनं लागू होतं.

पॅनेलच्या वकिलाबद्दल स्पष्ट बोलतो. मानधन कमी असतं, कामं जास्त असतात, आणि सगळेच सारख्या तळमळीनं करत नाहीत. नेमणुकीचं पत्र हातात घ्या, वकिलाला लगेच भेटा, कागदांचा एक संच स्वतःकडे ठेवा. दोन तारखांना वकील आलाच नाही, फोन उचलत नाही, असं झालं तर सचिवांना लेखी द्या आणि वकील बदलून मागा. तो बदलून मिळतो. त्यानं किंवा त्याच्या कारकुनानं पैसे मागितले तर तेही त्याच अर्जात लिहा. चाळीस टक्के मागणाऱ्याकडे तर जाऊच नका. निकालाच्या रकमेवर टक्का ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मना आहे. भरपाईच्या अधिकाऱ्याकडे जमा झालेली रक्कम बाईच्या आणि मुलांच्या नावानं निघते. ती बँकेतून काढून आणायला सोबत कोण जातं, याकडेही लक्ष ठेवा.

पुढे मालक लोकअदालतीत तडजोडीचं बोलेल. त्यात वाईट काही नाही, लवकर पैसे मिळाले तर त्या घराला हवेच आहेत. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून वरचा हिशेब कागदावर मांडून, वकिलाकडून तपासून, मगच होकार द्यायचा. मी स्वतः अशा तडजोडी केल्यात. किमान रकमेच्या जवळ मालक अडून बसला तर मी उठायला सांगतो.

शेवटी तुमचं. तुम्हाला त्याच गावात दुकान चालवायचंय, तुमची भीती रास्त आहे आणि ती बाजूला सारा असं मी म्हणणार नाही. अर्जदार ती ताई, सही-अंगठा तिचा. तिला समितीपर्यंत नेणारा माणूस म्हणून तुमचं नाव अर्जात लिहावं लागत नाही. तुम्ही अपघात पाहिलेला नाही, तर साक्षीदारही होऊ नका. मालकाशी बोलणी करायला मधे पडू नका. पैशाचा व्यवहार तर तुमच्या हातून अजिबात होऊ देऊ नका, नाहीतर उद्या दोन्हीकडून बोट तुमच्याकडेच येईल. तिच्यासोबत जायला अंगणवाडी सेविका किंवा आशाताई तयार असतील तर त्यांना घ्या, बाईला बोलायला बरं पडतं. कुणी धमकी दिली तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवा. आणि मालकानं गाडी ठरवली असेल तर तिला एवढंच सांगा की दोन दिवस थांब. त्या दोन दिवसांत मृत्यूची नोंद, मर्गचा क्रमांक आणि समितीत अर्ज ही तीन कामं होतात. अर्जाची पोच हातात आली की तिनं मुलांना घेऊन खुशाल गावी जावं.